ग्रीड पाडून दाखवणारा प्रोग्राम

३० जुलै २०१२, पहाटेचे २ वाजून ३३ मिनिटं. मध्य प्रदेशातल्या बीना आणि ग्वाल्हेरमधली ४०० केव्हीची, म्हणजे चार लाख व्होल्ट दाबाची, विजेची एक लाईन ट्रिप झाली, आपोआप बंद पडली. तिच्यावर झाड पडलं नव्हतं, आभाळातली वीज कोसळली नव्हती, तार तुटली नव्हती. नंतर नेमलेल्या चौकशी समितीलाही त्या लाईनवर कसलाच फॉल्ट सापडला नाही. त्याच मार्गावरचं दुसरं सर्किट, म्हणजे जोडीची दुसरी लाईन, कामासाठी आधीपासून बंद होतं. त्यामुळे हिच्यावर लोड चढत गेला, व्होल्टेज उतरलं, आणि लाईनच्या रक्षणासाठी बसवलेल्या रिलेला तो जड लोड म्हणजे लांब कुठेतरी झालेला फॉल्ट वाटला. त्याने नेमून दिलेलं काम केलं, लाईन तोडली. बघता बघता उत्तर भारताची ग्रीड, म्हणजे विजेचं अख्खं जाळं, आडवी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तीच लाईन पुन्हा गेली आणि या खेपेला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन ग्रीड कोसळल्या. ६० कोटींहून अधिक लोक राहतात अशा भागाची वीज गेली. महाराष्ट्र, गोवा, गुजरात ज्या पश्चिम ग्रीडमध्ये येतात ती बाजूला झाली म्हणून तगली.

बंद ठेवलेलं सर्किट, चढलेला लोड, रिलेचं सेटिंग. एकेकटी पाहिली तर यातली एकही गोष्ट अर्धा देश अंधारात घालण्याजोगी नाही. तिघी एका वेळी जमल्या आणि घात झाला. अशी घातक त्रिकुटं ती प्रत्यक्षात जमायच्या आधीच हुडकून काढायची, तेही निसर्गातल्या उत्क्रांतीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामकडून, हा या लेखाचा विषय आहे.

आधी ग्रीड चालवणाऱ्यांचा एक जुना नियम सांगतो. त्याला ते 'एन मायनस वन' म्हणतात. एकूण 'एन' वस्तू आहेत: लाईन, ट्रान्सफॉर्मर, जनित्रं. त्यातली कुठलीही एक अचानक गेली तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे, दिवे जाता कामा नयेत. हे तपासणं सोपं आहे. संगणकावर ग्रीडचं मॉडेल घ्यायचं, एक लाईन काढायची, गणित करायचं, लाईन परत जोडायची, पुढची काढायची. दोन-चार हजार लाईन असल्या तरी काम तासाभराच्या आत उरकतं. जगभरच्या नियंत्रण कक्षांत हे रोज चालतं.

पण मोठे ब्लॅकआऊट एका कारणाने क्वचितच होतात. १४ ऑगस्ट २००३ला अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली, तेव्हा ओहायोत लाईन ओघळून झाडांना टेकल्या होत्या आणि नेमकं त्याच वेळी नियंत्रण कक्षातलं अलार्मचं सॉफ्टवेअर मुकं झालेलं होतं. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी मुंबई आणि ठाण्याची वीज गेली, लोकल जिथल्या तिथे थांबल्या. तेव्हाही कळवा-पडघा ४०० केव्हीच्या एका सर्किटवर देखभालीचं काम चालू होतं, सगळा भार दुसऱ्यावर होता, आणि दुसऱ्याने दगा दिला. एक गेलं तर चालेल असं आपण म्हणतो, पण देखभालीसाठी एक बंद ठेवलं की 'एक गेलं' ही सूट तिथेच वापरून झालेली असते.

एक लाईन गेल्यावर दुसऱ्या का जातात, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक्सप्रेस-वे बंद झाला की गाड्या जुन्या हायवेवर वळतात आणि खंडाळ्याच्या घाटात कोंडी होते, तसंच काहीसं. फरक इतकाच की गाडीवाला लोणावळ्यात थांबून चहा पिऊ शकतो, विजेला ती सोय नाही. एका लाईनवरचा प्रवाह तुटला की क्षणार्धात तो उरलेल्या सगळ्या वाटांवर पसरतो. कुठल्या वाटेने किती जाईल ते त्या वाटेच्या विद्युत गुणधर्मांवर ठरतं. तिथे किती जागा शिल्लक आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून आधीच काठोकाठ भरलेली लाईन आणखी भरते. तार तापते, लांबते, खाली ओघळते. रिले तिला तोडतो. आता तिचाही वाटा उरलेल्यांवर. अशी रांग लागली की माणसाला मध्ये पडायला वेळ मिळत नाही.

मग एकाऐवजी दोन-दोन, तीन-तीन लाईन काढून का तपासत नाही? इथे आकडेमोड करून बघू. संशोधकांच्या वापरात पोलंडच्या ग्रीडचं एक मॉडेल आहे, १९९९-२०००च्या हिवाळ्यातल्या सर्वाधिक मागणीच्या वेळचं. त्यात २३८३ बस म्हणजे जोडबिंदू आणि लाईन-ट्रान्सफॉर्मर धरून २८९६ जोडण्या आहेत. एकेक काढायची तर २८९६ चाचण्या. दोन-दोनच्या जोड्या सुमारे ४२ लाख. तीन-तीनची त्रिकुटं ४०४ कोटी. एका चाचणीला एक सेकंद धरला तर ही त्रिकुटं संपायला १२८ वर्षं लागतील. संगणक हजारपट वेगाचा आणला तर त्रिकुटं दीड महिन्यात आटोक्यात येतात खरी, पण चार-चारच्या चौकड्या घेतल्या की त्या वेगालाही पुन्हा ९०च्या वर वर्षं. आणि यातल्या बहुतेक सगळ्या चाचण्यांचं उत्तर 'काही झालं नाही' असंच येणार. एक लाईन देशाच्या या टोकाची, दुसरी त्या टोकाची, तिसरी मध्येच कुठेतरी. तिघींचा एकमेकींशी संबंधच नाही. घातक त्रिकुटं मूठभर असतात आणि ती या ४०४ कोटींत दडलेली असतात.

सगळं तपासणं शक्य नाही आणि डोळे मिटून चिठ्ठ्या उचलण्यात अर्थ नाही, अशा पेचात उत्क्रांती-संगणन, म्हणजे उत्क्रांतीची नक्कल करून उत्तर शोधणं, कामाला येतं.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातले जॉन हॉलंड यांनी १९७५मध्ये जेनेटिक अल्गोरिदमची, म्हणजे निवड आणि संकर करत पिढ्यान् पिढ्या उत्तरं सुधारत नेणाऱ्या पद्धतीची, मांडणी पुस्तकरूपाने केली. त्याच सुमारास आणि त्याआधीही जर्मनीत इंगो रेशेनबर्ग आणि हान्स-पॉल श्वेफेल वेगळ्या वाटेने तिथेच पोचत होते. पण मला यातली सगळ्यात लक्षवेधी व्यक्ती वाटते ती डेव्हिड गोल्डबर्ग. हा मूळचा स्थापत्य अभियंता. हॉलंड यांच्याकडे शिकून त्याने १९८३मध्ये पीएचडी केली ती नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनवर: कमीत कमी खर्चात कॉम्प्रेसर कसे चालवायचे आणि गळती झाली तर ती कशी ओळखायची. म्हणजे जेनेटिक अल्गोरिदमचा पहिला दणदणीत व्यावहारिक उपयोग झाला तो पायाभूत सुविधांसाठीच. शेअर बाजार, रोबो, चित्रं वगैरे मंडळी नंतर आली.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते एका काल्पनिक छोट्या ग्रीडवर पाहू. समजा १०० लाईन आहेत, त्यांना १ ते १०० क्रमांक दिलेत. आपल्याला हवंय सगळ्यात घातक त्रिकुट. तीन क्रमांकांची यादी म्हणजे एक 'जीव'. सुरुवातीला संगणक असे २०० जीव उगाच कसेही बनवतो: (१२, ४७, ८१), (३, ३०, ६६), (१२, ५८, ६६) वगैरे. मग प्रत्येकाची परीक्षा. मॉडेलमधून त्या तीन लाईन काढायच्या, प्रवाह नव्याने काढायचा, ज्या लाईन मर्यादेबाहेर जातील त्या तोडायच्या, पुन्हा प्रवाह काढायचा, असं पडझड थांबेपर्यंत. शेवटी किती मेगावॅटची वीज गेली ते मोजायचं. हा त्या जीवाचा गुण. इथे गुण म्हणजे अवगुणच. जितका जास्त अंधार, तितका जीव 'लायक'.

बहुतेकांना शून्य मिळतो. (१२, ४७, ८१)ला समजा ३४० मेगावॅट मिळाले आणि (१२, ५८, ६६)ला २९०. पुढच्या पिढीसाठी जास्त गुणवाल्यांना जास्त संधी. या दोघांचा संकर केला, पहिल्याचे दोन क्रमांक आणि दुसऱ्याचा एक घेतला, तर (१२, ४७, ६६) हे अपत्य जन्मतं. त्याची परीक्षा घेतली आणि गुण आले १९००. असं का व्हावं? कारण नकाशावर पाहिलं तर १२, ४७ आणि ६६ या एकाच शहराला तीन दिशांनी वीज आणणाऱ्या लाईन निघतात. कुठलीही एक बंद पडली तरी चालतं, दोन पडल्या तर थोडी कपात होते, तिन्ही पडल्या की शहर गेलं. प्रोग्रामला नकाशा दिसत नाही, शहर म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. आईबापांकडे अर्धं-अर्धं दुखणं होतं, ते लेकरात एकत्र आलं, एवढंच.

संकराबरोबर उत्परिवर्तनही असतं. मधूनच एखादा क्रमांक उगाच बदलायचा, ६६च्या जागी ६८. बहुतेकदा गुण घसरतात, कधीमधी वाढतात. निवड, संकर, उत्परिवर्तन, पुन्हा परीक्षा. २०० जीवांच्या ३०० पिढ्या म्हणजे ६० हजार चाचण्या. सेकंदाला एक धरली तर १७ तासांत काम संपतं. १०० लाईनींच्या ग्रीडमध्ये सगळी त्रिकुटं तपासली तरी दीड-पावणेदोन लाखच होतात, तिथे या खटाटोपाची गरज नाही. पोलंडच्या ४०४ कोटींसमोर मात्र लाखभर चाचण्यांत बरीचशी घातक त्रिकुटं हाती येणं ही मोठी गोष्ट आहे.

यात एक मेख आहे आणि ती ओळखणं हेच यातलं खरं कौशल्य. वरच्या उदाहरणात दोन लाईन पडल्यावर थोडी तरी वीज जात होती, म्हणून प्रोग्रामला माग लागला. पण समजा तिन्ही पडेपर्यंत काहीच दिसत नाही, गुण शून्य, शून्य, शून्य आणि मग एकदम १९००, तर उत्क्रांतीला धरायला काहीच नाही. मग ती चिठ्ठ्या उचलण्याइतकीच आंधळी. म्हणून जाणकार मंडळी गुण देताना नुसती गेलेली वीज मोजत नाहीत. उरलेल्या लाईनींवर ताण किती वाढला, एखादी मर्यादेच्या किती जवळ पोचली, व्होल्टेज कुठे कितीने उतरलं, यालाही थोडे थोडे गुण देतात. पडझड झाली नाही, पण होता होता राहिली, हे प्रोग्रामला कळलं पाहिजे.

दुसरी अडचण घराणेशाहीची. एक जबर त्रिकुट सापडलं की त्याचीच पोरंबाळं सगळीकडे पसरतात. पन्नासाव्या पिढीत पाहावं तर दोनशेच्या दोनशे जीव त्याच एका शहराभोवती घुटमळतायत. इंजिनिअरला मात्र एकच एक भयंकर उत्तर नको असतं, वेगवेगळ्या कमकुवत जागांची यादी हवी असते. यावर गोल्डबर्ग आणि रिचर्डसन यांनी १९८७मध्ये सुचवलेला तोडगा अजून वापरात आहे: एकमेकांसारख्या जीवांनी गुण आपसात वाटून घ्यायचे. एका जागी गर्दी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं आणि रिकाम्या जागी गेलेला एखादा एकांडा जीव टिकून राहतो.

याच्याच नात्यातली एक पद्धत मार्गारेट एपस्टीन आणि पॉल हाइन्स यांनी व्हरमाँट विद्यापीठात बसवली आणि २०१२मध्ये, म्हणजे आपल्याकडे ग्रीड पडली त्याच वर्षी, प्रसिद्ध केली. तिला त्यांनी 'रँडम केमिस्ट्री' म्हटलं. ही उलटी चाल आहे. आधी पुष्कळ लाईन एकदम काढून ग्रीड पाडायची. मग त्या यादीतला एक हिस्सा घेऊन बघायचं, तरी पडते का? पडली तर आणखी छाटायचं, नाही पडली तर दुसरा हिस्सा घ्यायचा. छाटत छाटत शेवटी मोजक्याच लाईन उरतात, ज्यातली एकही कमी करता येत नाही. पोलंडच्या त्याच मॉडेलवर हे हजारो वेळा केल्यावर त्यांना दिसलं की घातक यादीत काही थोड्या लाईन पुन्हा पुन्हा येतात, बाकीच्या क्वचितच. प्रशासनाच्या दृष्टीने याहून उपयोगी उत्तर नाही. पैसा सगळीकडे सारखा पसरायचा नसतो, त्या थोड्यांवर लावायचा असतो.

इथवर प्रोग्राम नुसता शत्रूच्या भूमिकेत होता. पुढची पायरी म्हणजे समोर एक रक्षकही उभा करायचा आणि दोघांनाही उत्क्रांत होऊ द्यायचं. १९९०मध्ये अमेरिकी संगणकतज्ज्ञ डॅनियल हिलिस यांनी हे आकडे क्रमाने लावणाऱ्या जाळ्यांवर, म्हणजे ठरावीक क्रमाने दोन-दोन आकड्यांची तुलना करत जाणाऱ्या रचनांवर, करून दाखवलं होतं. एकीकडे १६ आकडे क्रमाने लावणारी जाळी उत्क्रांत होत होती, दुसरीकडे त्यांना फसवणाऱ्या आकड्यांच्या रांगा, परोपजीवींसारख्या. नुसती जाळी वाढवली तेव्हा चांगल्यात चांगल्या जाळीला ६५ तुलना लागत होत्या. त्यांच्या अंगावर शत्रू सोडले तेव्हा ६१वर आल्या. माणसांनी शोधलेलं सर्वोत्तम उत्तर ६०चं होतं.

हीच जुगलबंदी मिसुरीतल्या रोला इथे डॅनियल टॉरिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००७च्या आसपास ग्रीडवर लावली. रक्षकाच्या हातात 'फॅक्ट्स' जातीची उपकरणं. ही पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची महागडी यंत्रं लाईनवर बसवली की प्रवाहाला थोडंफार वळवता येतं, भरलेल्या वाटेवरून काढून मोकळ्या वाटेला लावता येतं. महाग असल्याने ती मोजकीच बसवता येतात, मग कुठे बसवायची? रक्षकांची प्रजा म्हणजे ही यंत्रं बसवण्याचे वेगवेगळे आराखडे. हल्लेखोरांची प्रजा म्हणजे लाईन पाडण्याच्या वेगवेगळ्या याद्या. रक्षकाला गुण मिळतात तो समोरच्या हल्ल्यांत किती तगला यावर, हल्लेखोराला तो किती रक्षकांना आडवा करतो यावर. एका ठरावीक संकटाविरुद्ध केलेली तयारी दुसऱ्या संकटात कुचकामी ठरते, ही आपली नेहमीची रड. इथे संकटच बदलत राहतं, त्यामुळे रक्षकाला एका प्रश्नाचं उत्तर पाठ करून भागत नाही.

विजेवरून थोडं पाण्याकडे वळू, कारण एका गोष्टीचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण तिथे आहे. २००६मध्ये अमेरिकेत सिनसिनाटी इथे संशोधकांची एक चुरस झाली. शहराच्या पाणीपुरवठ्याचं मॉडेल दिलेलं. त्यात कुठूनही, केव्हाही कुणी घातक द्रव्य मिसळू शकतं. ते ओळखणारे सेन्सर कुठे बसवाल? दोन जाळी होती, एक सव्वाशेच्या आसपास जोडबिंदूंचं आणि एक १२,५२३ बिंदूंचं. सेन्सर पाच किंवा वीस. मोठ्या जाळ्यात वीस जागा निवडायच्या पद्धती किती? उत्तर ६४ आकडी संख्या.

पण खरी गंमत गुणांच्या चार कसोट्यांत होती: किती लवकर कळलं, कळेपर्यंत किती लोकांना बाधा झाली, किती दूषित पाणी प्यायलं गेलं, आणि मुळात किती घटना पकडल्या गेल्या. वरवर पाहता चारही एकाच दिशेने जाणाऱ्या वाटतात. तसं नाही. 'किती लवकर' हे फक्त पकडलेल्या घटनांवरच मोजता येतं. सगळे सेन्सर मोठ्या नळांच्या तोंडाशी बसवले तर जे पकडाल ते पटकन पकडाल, पण कडेच्या वस्त्यांत मिसळलेलं काहीच कळणार नाही. कडेला पसरवले तर पकडाल बरंच, पण उशिरा. मग 'सर्वोत्तम' जागा म्हणजे कुठल्या?

इथे एका भारतीयाचं काम जगभर वापरलं जातं. कल्याणमय देब हे गोल्डबर्ग यांचेच विद्यार्थी. कानपूरच्या आयआयटीत असताना त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर बसवलेली आणि २००२मध्ये प्रसिद्ध झालेली 'एनएसजीए-टू' ही पद्धत एकच उत्तर देत नाही. ती अशा उत्तरांची रांग देते ज्यातलं कुठलंही एक बाबतीत सुधारायला गेलात तर दुसऱ्या बाबतीत बिघडतं. निवडीचा नियम साधा आहे: जो जीव सगळ्याच बाबतीत दुसऱ्याच्या बरोबरीने किंवा वरचढ आणि निदान एका बाबतीत स्पष्ट वरचढ, तो पुढे, बरोबरीत सुटले तर जो गर्दीपासून लांब तो पुढे. रांग हातात आली की निर्णय माणसाने घ्यायचा. दहा मिनिटं लवकर कळण्यासाठी किती वस्त्या वाऱ्यावर सोडायच्या, हा प्रश्न संगणकाचा नव्हेच. तो पाणीपुरवठा खात्याचा आणि नगरसेवकांचा आहे आणि तो त्यांच्यासमोर असा उघडा मांडला जातो, हा मला या पद्धतीचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. सिनसिनाटीच्या चुरशीतही शेवटी एकाला विजेता म्हणता आलं नाही.

आता थोडं कडू. उत्क्रांती-संगणन जिथे गरज नाही तिथेही सर्रास वापरलं जातं. उदाहरणार्थ, ग्रीडवर नजर ठेवणारी फेजर मोजणारी यंत्रं, म्हणजे विजेच्या लहरीची उंची आणि ती त्या क्षणी कुठे आहे हे मोजणारी, कमीत कमी किती आणि कुठे बसवायची हा प्रश्न. अमेरिकेतल्या १९६२च्या एका ग्रीडवरून घेतलेलं १४ बसचं छोटं मॉडेल सगळे वापरतात. एका बसवर यंत्र बसवलं की ती बस आणि तिच्या शेजारच्या सगळ्या बस दिसतात. २, ६, ७ आणि ९ या चार ठिकाणी बसवली की चौदाच्या चौदा दिसतात. हे कागद-पेन्सिलीने जमतं. मोठ्या ग्रीडसाठीही पूर्णांकी गणिताची नेहमीची पद्धत नेमकं उत्तर देते, तेही 'याहून कमी यंत्रांत होणार नाही' या हमीसह. तरीही या प्रश्नावर लांडगे, वटवाघळं, काजवे, कोकिळा आणि देवमासे यांच्या नावाचे अल्गोरिदम चालवून लिहिलेल्या शोधनिबंधांचा ढीग आहे. नाव नवं, आतली यंत्रणा बहुतेकदा तीच. प्राणिसंग्रहालय मोठं होतं, ग्रीडला काही फरक पडत नाही. उत्क्रांतीची गरज तिथे आहे जिथे गुण काढायला अख्खी पडझड घडवून बघावी लागते आणि ती सरळ समीकरणात बसत नाही.

मग २०१२चा घात या प्रोग्रामने आधी दाखवला असता का? मॉडेलमध्ये लाईन फक्त तापण्याच्या मर्यादेवर तुटत असत्या, तर नाही. बीना-ग्वाल्हेर लाईन तापून गेली नव्हती; जड लोड आणि उतरलेलं व्होल्टेज यांच्या जोडीला रिलेने फॉल्ट समजलं. म्हणजे मॉडेलमध्ये रिले हवेत, त्यांची खरीखुरी सेटिंग हवीत, त्या आठवड्यात कामासाठी कोणती सर्किटं बंद आहेत त्याची यादी हवी. राज्यं ठरल्याहून जास्त वीज ओढतात ही सवयही हवी, कारण त्या दोन दिवसांत उत्तरेकडच्या राज्यांनी तेच केलं होतं. जे मॉडेलमध्ये घातलंच नाही ते उत्क्रांतीला हजार पिढ्यांतही सापडणार नाही. माझ्या मते या क्षेत्रात अल्गोरिदमवर जेवढी शक्ती खर्च होते त्याच्या निम्मी जरी रिलेची सेटिंग गोळा करण्यावर झाली तरी जास्त ब्लॅकआऊट टळतील. पण सेटिंग गोळा केल्याबद्दल कुणाला पीएचडी मिळत नाही.

मुंबईचं उदाहरणही तेच सांगतं. बाहेरची ग्रीड डळमळली की मुंबईने तिच्यापासून सुटून ट्रॉम्बे, डहाणू आणि घाटातल्या जलविद्युत केंद्रांच्या जोरावर स्वतःपुरतं चालावं, अशी आयलंडिंगची व्यवस्था कित्येक वर्षांपासून आहे आणि पूर्वी तिने शहराला वाचवलंही आहे. १२ ऑक्टोबर २०२०ला ती तगली नाही. बेट करायचं तर बेटावरची निर्मिती आणि बेटावरची मागणी काही क्षणांत जुळावी लागते. निर्मिती तोकडी असेल तर तितका लोड तात्काळ सोडावा लागतो, नाहीतर फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या लहरींचा ठेका, घसरते आणि जनित्रं स्वतःला वाचवायला सुटून जातात. ग्रीड कुठे कापावी, कुठला लोड कोणत्या क्रमाने सोडावा, हे उत्क्रांती-संगणनाला उत्तम जमणारं काम आहे. मात्र काल काढलेलं उत्तर आज शहरातलं एखादं जनित्र बंद असेल तर लागू पडत नाही. ते रोजच्या परिस्थितीनुसार पुन्हा पुन्हा काढावं लागतं. ऐन पडझडीत मात्र या प्रोग्रामला वेळ मिळत नाही. तिथे रिले आणि आधी ठरवून ठेवलेले नियमच काय ते करतात.

आणि हमी? ती नाही. प्रोग्रामने शंभर घातक त्रिकुटं दाखवली तर ती शंभर नक्की घातक आहेत, मॉडेलपुरती तरी. त्याने काहीच दाखवलं नाही, तर त्याचा अर्थ 'सापडलं नाही' एवढाच. 'नाहीच' असा घेता येत नाही. हा फरक अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिला पाहिजे, कारण वाचणारा वरिष्ठ बहुतेकदा तेवढंच पान वाचतो.

अशा खऱ्या याद्या सहसा छापल्या जात नाहीत. कारण उघड आहे: दुरुस्तीसाठी बनवलेली यादी घातपात करणाऱ्याच्याही कामाची असते. म्हणूनच संशोधनात तीच ती जुनी मॉडेलं फिरत राहतात, १४ बसचं अमेरिकी आणि २३८३ बसचं पोलिश. ती 'मॅटपॉवर' या मोफत सॉफ्टवेअरबरोबरच मिळतात. पायथन येत असेल तर 'पँडापॉवर' आहे. पाण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं 'ईपीएनेट' १९९०च्या दशकापासून फुकट आहे. विद्युत किंवा संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि प्रोजेक्ट शोधत असाल, तर १४ बसच्या मॉडेलपासून सुरुवात करा. त्यात २० जोडण्या आहेत, त्रिकुटं फक्त ११४०. आधी ती सगळीच्या सगळी तपासा, उतरत्या क्रमाने यादी करा आणि बाजूला ठेवा. मग जेनेटिक अल्गोरिदम लिहा, त्याला दोनशे चाचण्यांची मुभा द्या आणि तुमच्या यादीतल्या पहिल्या दहा त्रिकुटांतली किती त्याला सापडतात ते मोजा. तेवढ्याच दोनशे चाचण्या नुसत्या चिठ्ठ्या उचलूनही करून बघा. दोन्हींत फरक पडला नाही, तर पोलंडला हात लावू नका, आधी गुण देण्याची पद्धत तपासा. बहुतेकदा गोची तिथेच असते.